सामुदायिक वाहिनीच्या फाइली हरवतात कुठे?

अमेरिकेतल्या सामुदायिक दूरचित्रवाणीला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. १९७१ मध्ये मॅनहॅटनच्या केबलवर सामान्य नागरिकांसाठी वाहिन्या खुल्या झाल्या. पुढे १९८४ च्या केबल कायद्याने स्थानिक प्रशासनांना केबल कंपन्यांकडून अशा वाहिन्या मागून घेण्याचा अधिकार दिला. शहराची परवानगी वापरण्याबद्दल या कंपन्या जास्तीत जास्त पाच टक्के शुल्क भरतात आणि बरीच छोटी केंद्रे त्यातल्या वाट्यावर चालतात. नगरपरिषदेची बैठक, शाळेचे नाटक, हायस्कूलचा सामना, स्थलांतरितांच्या भाषेतला साप्ताहिक कार्यक्रम असे जे ही केंद्रे टिपतात, ते सहसा दुसरे कोणीच टिपत नाही. म्हणून इथली फाइल गेली की त्या प्रसंगाचे चित्रण जगातूनच जाते. फाइली जातात तेव्हा जागा आणि पैसा अपुरा होता, असे कारण दिले जाते. ही टंचाई खोटी नाही, पण तिला मूळ कारण मानणे हाच मला सर्वांत मोठा गैरसमज वाटतो. बहुतेक फाइली केंद्रात येतात त्याच दिवशी हरवण्याच्या वाटेला लागतात, कारण ही कशाची आहे, कोणाची आहे आणि किती काळ ठेवायची, हे त्या दिवशी कोणी ठरवत नाही आणि लिहूनही ठेवत नाही.

सुरुवात कॅमेऱ्याच्या कार्डापासून होते. कार्डावरच्या फाइली संगणकावर ओढल्या की चित्रण सुरक्षित झाले, असे धरून कार्ड लगेच पुसले जाते. या केंद्रांत वर्षानुवर्षे वापरले गेलेले एव्हीसीएचडी पद्धतीचे कॅमेरे नेमके काय करतात, ते जवळून पाहण्यासारखे आहे. कार्ड फॉरमॅट केले की असे अनेक कॅमेरे पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात आणि पहिल्या फाइलला ००००० असे नाव देतात. सोमवारच्या बैठकीची पहिली फाइल ००००० आणि शनिवारच्या सामन्याचीही ०००००. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकल्या की आधीचीवर नवी लिहू का, असे संगणक विचारतो आणि घाईत कोणीतरी होकार देतो. शिवाय फॅट३२ रचनेच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून तीन तासांची बैठक कॅमेरा तुकड्यातुकड्यांनी लिहितो आणि ते तुकडे कसे जोडायचे याची माहिती शेजारच्या बारीकसारीक फाइलींत ठेवतो. नुसत्या मोठ्या फाइली उचलल्या तर ही माहिती कार्डावरच राहते आणि पुढे संकलनात जोडाच्या जागी आवाज तुटतो. त्यामुळे अख्खे कार्ड, आतल्या निरुपयोगी वाटणाऱ्या फोल्डरांसकट, दर वेळी नव्या फोल्डरमध्ये उतरवावे लागते. त्या फोल्डरच्या नावात तारीख, कार्यक्रम आणि कार्डाचा क्रमांक हवा. प्रत मुळाबरहुकूम उतरली की नाही, हे फाइलचा आकार पाहून कळत नाही. त्यासाठी चेकसम लागतो. फाइलमधल्या एकूण एक बिटवरून संगणक एक छोटी खूण काढतो. एमडी५ पद्धतीत ती ३२ अक्षरांची असते आणि एक बिट जरी बदलला तरी खूण वेगळी येते. मूळ आणि प्रत यांच्या खुणा जुळल्या, तरच कार्ड पुसायचे. ही सोय देणारी साधने फुकट मिळतात, तेव्हा इथे पैशाची सबब चालत नाही.

‘आमच्याकडे रेड आहे’ हे वाक्य बॅकअपच्या चर्चेत हमखास येते. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून केलेली साठवण. त्यांतली एखादी डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते, आणि प्रसारण करणाऱ्या केंद्राला हा गुण खरोखर मोलाचा आहे. पण चुकून पुसलेली फाइल रेडमधून त्याच क्षणी जाते. आग, चोरी किंवा खंडणीखोर व्हायरस आला तर सगळ्या डिस्क एकदमच जातात. बॅकअप असूनही तो चालतो का हे तपासले नाही तर काय होते, हे पिक्सारने १९९८ मध्ये अनुभवले. ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या आणि बॅकअप नीट होतच नव्हता, हे त्यानंतर लक्षात आले. गेलिन सुसमन या तंत्र-पर्यवेक्षिकेने घरून काम करण्यासाठी नेलेली प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची माध्यमे आणि एक प्रत इमारतीबाहेर, हा प्रचलित नियम अशाच धोक्यांसाठी आहे. छोट्या केंद्राने त्यासाठी महागडा टेप-ड्राइव्ह घेतलाच पाहिजे असे नाही. दोन बाहेरच्या डिस्क घेऊन त्यांतली एक गावच्या ग्रंथालयात ठेवली आणि ठरावीक काळाने ती उघडून चेकसम तपासले, तरी बराच पल्ला गाठता येतो.

इमारतीबाहेरची प्रत म्हणून बरेच जण यूट्यूबकडे बोट दाखवतात. लोकांपर्यंत पोहोचायला यूट्यूब उत्तमच आहे. त्याला दप्तरखाना समजणे मात्र चूक. प्रेक्षकाला दिसते ती पुन्हा दाबून लहान केलेली प्रत असते. शिवाय पार्श्वसंगीतावर कोणी हक्क सांगितला किंवा खाते बंद झाले, तर निर्णय केंद्राच्या हाती राहत नाही. मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवरून काही जाणार नाही, ही समजूतही टिकत नाही. सर्व्हर बदलताना तीन वर्षांहून जुनी गाणी, छायाचित्रे आणि चित्रफिती गमावल्याचे मायस्पेसला २०१९ मध्ये मान्य करावे लागले होते. केंद्रातल्या प्रसारण-सर्व्हरबद्दलही असाच भ्रम असतो. तो कार्यक्रम वेळेवर दाखवण्यासाठी असतो आणि जागा मोकळी करण्यासाठी जुने काढून टाकणे हे त्याच्या कामातच बसते.

आता जागेच्या प्रश्नाकडे वळू, कारण इथे हिशेबच बोलतो. ‘जतन करायचे तर मोठ्या, दर्जेदार स्वरूपात रूपांतर करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. आठवड्याला दहा तास नवे चित्रण करणारे केंद्र घेऊ. वर्षाचे ५२० तास होतात. कॅमेऱ्यातून २४ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने आलेली मूळ फाइल तासाला सुमारे ११ जीबी घेते, म्हणजे वर्षाला साडेपाच-सहा टीबी. तेच सगळे प्रोरेस ४२२ मध्ये रूपांतरित केले तर तासाला सुमारे ६६ जीबी आणि वर्षाला ३४ टीबी. जागा सहापट लागली, पण कॅमेऱ्याने जो तपशील टिपलाच नाही तो रूपांतराने येत नाही. संकलनाच्या सोयीसाठी प्रोरेस जरूर वापरावे, जपायची मात्र कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणि प्रसारित झालेला पूर्ण कार्यक्रम. जुन्या व्हीएचएस किंवा यू-मॅटिक टेपांची गोष्ट निराळी आहे. टेप दर वर्षी झिजते, ती वाजवणारी यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत, आणि एखादी टेप कदाचित एकदाच नीट वाचता येईल. तिथे काहीही न गमावणारे स्वरूपच हवे. एफएफव्ही१ हे तसे खुले स्वरूप आहे आणि २०२१ मध्ये त्याचा तपशील अधिकृतपणे प्रसिद्धही झाला आहे. जागेची चणचण भासते तेव्हा ती अनेकदा अशा न घेतलेल्या निर्णयांतून आलेली असते.

नोंदींवरचा आक्षेप अलीकडे बदलला आहे. पूर्वी ‘वेळ नाही’ म्हणत; आता ‘यंत्र आपोआप लिहून देईल’ म्हणतात. भाषण ऐकून मजकूर करणारी साधने खरोखर उपयोगी आहेत आणि तीन तासांच्या बैठकीत पुलाच्या दुरुस्तीचा विषय कुठे निघाला, हे शोधायला ती वापरलीच पाहिजेत. पण गल्लीचे नाव, स्थलांतरित कुटुंबाचे आडनाव किंवा एका वाक्यात मिसळलेल्या दोन भाषा यांत ती अडखळतात. मुख्य म्हणजे जे चित्रात उच्चारलेच गेले नाही, ते त्यांना कळण्याचा मार्ग नाही. चित्रण कोणी केले, मूळ फाइल कोणती आणि कापलेली कोणती, ऑनलाइन ठेवायला परवानगी आहे का, हे माणसालाच लिहावे लागते. सार्वजनिक प्रसारणासाठी पीबीकोअर नावाचा नोंदींचा आराखडा २००५ पासून उपलब्ध आहे. तो पूर्ण भरायची गरज नाही. शीर्षक, चित्रणाची आणि प्रसारणाची तारीख, निर्माता, ठिकाण, ठळक व्यक्ती, चार ओळींचे वर्णन, हक्क आणि फाइलचे नाव एवढ्यावर छोट्या केंद्राचे काम भागते.

हक्कांचा रकाना सर्वाधिक वेळा रिकामा राहतो. ‘आमच्या वाहिनीवर लागले म्हणजे ते आमचे’ हे खरे नाही. नागरिकाने बनवलेल्या कार्यक्रमाचा स्वामित्वहक्क सहसा त्या निर्मात्याकडेच असतो; केंद्राला अर्जात लिहिली असेल तेवढीच परवानगी मिळते. अर्जात फक्त केबलवर दाखवण्याचा उल्लेख असेल, तर वीस वर्षांनी तो कार्यक्रम अभ्यासकांसाठी खुला करताना निर्माता सापडेलच याची खात्री नाही. यातूनच या विषयातला सर्वांत गंभीर आक्षेप पुढे येतो. सामुदायिक वाहिनीचा पायाच मुळी असा, की काय दाखवावे हे संपादक ठरवत नाही. मग काय ठेवावे आणि काय पुसावे, हे ठरवणारे आम्ही कोण? आक्षेप मोलाचा आहे. पण काहीच न ठरवल्याने निवड टळत नाही. डिस्क भरते त्या रात्री जो कामावर असेल तो समोर दिसेल ते पुसतो आणि ती निवड कुठे नोंदलीही जात नाही. त्यापेक्षा आधी जाहीर केलेला नियम बरा. प्रसारित झालेला प्रत्येक पूर्ण कार्यक्रम भेदभाव न करता ठेवायचा, कच्चे चित्रण ठरलेल्या मुदतीपर्यंत ठेवायचे, आणि पुसण्याआधी निर्मात्याला कळवून त्याची प्रत त्याला द्यायची. अशा नियमात आवडीनिवडीला वाव उरत नाही.

भारतात सामुदायिक दूरचित्रवाणीसाठी वेगळा परवाना नाही. सामुदायिक रेडिओ मात्र आहे. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी हे महाराष्ट्रातले ओळखीचे नाव. प्रसारित झालेले कार्यक्रम तीन महिने जपण्याचे बंधन या केंद्रांवर असते. ही मुदत किमान आहे, तिच्यानंतर पुसलेच पाहिजे असे कोणी म्हटलेले नाही. माणदेशी बोलीतल्या ओव्या किंवा दुष्काळातल्या पाणीवाटपावरची चर्चा चौथ्या महिन्यात निकामी होत नाही. ध्वनीच्या फाइली चित्रापेक्षा कितीतरी लहान असल्याने जागेचे कारण इथे आणखी लंगडे पडते.

स्वयंसेवकांवर चालणाऱ्या केंद्राला एवढा उपद्व्याप झेपेल का, ही शंका उरते. नोंदी महिनाअखेरीला एकट्या कर्मचाऱ्याने भरायच्या असतील, तर नक्कीच झेपणार नाही. कार्यक्रम घेऊन येणाऱ्याला त्याची माहिती तोंडपाठ असते आणि प्रसारणाची वेळ मिळवण्यासाठी तो अर्ज भरणारच असतो. त्याच अर्जात वर्णनाचे, व्यक्तींच्या नावांचे आणि जतनाच्या परवानगीचे रकाने घालावेत, आणि ते भरल्याशिवाय कार्यक्रमाला वेळापत्रकात जागा देऊ नये.