वर्गणीदार ते सभासद : ऑनलाइन आशयनिर्मितीचे अर्थकारण

1879 च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या गिरगावातून 'द थिऑसॉफिस्ट' हे इंग्रजी मासिक सुरू झाले. 1882 च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय मद्रासनजीकच्या अड्यार येथे हलविण्यात आले आणि मासिकही तेथून प्रसिद्ध होऊ लागले. वर्गणी आगाऊ भरली पाहिजे आणि मुदत संपताच अंक पाठविणे बंद होईल, असा या मासिकाचा दंडक होता. वर्गणीच्या थकबाकीने देशी नियतकालिके डबघाईला येण्याच्या त्या काळात हा दंडक कठोर वाटला असेल. परंतु पुढील अंकाचा खर्च हाती आल्यावरच तो छापावयाचा, ही त्यामागील व्यवहारदृष्टी होती. त्याच अड्यारमध्ये आज 'अड्यार टाइम्स' हे स्थानिक साप्ताहिक घरोघरी विनामूल्य वाटले जाते. त्याचा खर्च वाचक नव्हे, तर जाहिरातदार उचलतात.

एकाच उपनगरातील ही दोन उदाहरणे आशयनिर्मितीच्या अर्थकारणातील दोन मूलभूत मार्ग दाखवितात. इंटरनेटवर चित्रफिती, ध्वनिमुद्रणे वा लेखन प्रसिद्ध करणाऱ्या आशयनिर्मात्यांपुढेही हेच दोन मार्ग आहेत. गेल्या दशकात त्यांपैकी पहिला, म्हणजे चाहत्यांच्या नियमित वर्गणीचा मार्ग, पुन्हा महत्त्वाचा ठरू लागला आहे.

जाहिरातीची मर्यादा

यूट्यूबवरील नेहमीच्या चित्रफितींलगत दाखविल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नापैकी 55 टक्के वाटा निर्मात्यास मिळतो. हा वाटा वरवर उदार दिसतो. मात्र जाहिरातदार पैसे मोजतो ते प्रेक्षकांच्या संख्येसाठी व त्यांच्या क्रयशक्तीसाठी. त्यांच्या आस्थेसाठी नव्हे. एखादी चित्रफीत सहज पाहून सोडून देणारा प्रेक्षक आणि तीच दहा वेळा ऐकून वीणेवर बोटे बसविणारा विद्यार्थी यांच्या आस्थेतील फरक जाहिरातीच्या हिशेबात उमटत नाही. अर्थशास्त्रज्ञ शेर्विन रोझेन यांनी 1981 मध्ये 'सुपरस्टार'च्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या निबंधात दाखविले, की एकच कलाविष्कार अत्यल्प जादा खर्चात असंख्य लोकांपर्यंत पोहोचू लागला, की गुणवत्तेतील किरकोळ फरकही उत्पन्नात प्रचंड तफावत निर्माण करतो. इंटरनेटवर नेमके हेच घडले आहे.

भाषेचा प्रश्न यात मिसळतो. 2011 च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे 8.30 कोटी, तर तमिळची सुमारे 6.90 कोटी होती. या भाषा लहान नाहीत. पण त्यांतील शास्त्रीय संगीत, ग्रामीण कायदा किंवा कीटकशास्त्र अशा विषयांचा प्रेक्षकवर्ग काही हजारांत मोजावा लागतो. एवढ्या प्रेक्षकांच्या जाहिरातींवर कोणाचाही चरितार्थ चालणे कठीण असते.

सभासद नेमके काय विकत घेतो?

जॅक कॉन्टी आणि सॅम याम यांनी 2013 मध्ये अमेरिकेत 'पॅट्रिऑन' हे व्यासपीठ स्थापन केले. तेथे चाहते आपल्या आवडत्या कलावंतास दरमहा ठरावीक रक्कम देतात. यूट्यूबनेही 2018 मध्ये सभासदत्वाची सोय अनेक वाहिन्यांना खुली केली. करादी वजावट करून उरलेल्या सभासद-उत्पन्नाचा 70 टक्के भाग निर्मात्याकडे जातो. बदल्यात सभासदास काही खास चित्रफिती, थेट संवादाची संधी, नावापुढे एखादे चिन्ह असे लाभ मिळतात.

येथे परीक्षार्थींनी एक संकल्पना नीट समजून घ्यावी. सार्वजनिक वस्तूच्या उपभोगातून कोणाला वगळता येत नाही आणि एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. खासगी वस्तूबाबत या दोन्ही गोष्टी घडतात. या दोहोंच्या मधल्या वस्तूंची मांडणी जेम्स ब्युकॅनन यांनी 1965 मध्ये 'क्लब'च्या सिद्धांतात केली. क्लब-वस्तूत बाहेरच्यास वगळता येते, परंतु आतील सभासदांना एका मर्यादेपर्यंत एकमेकांची अडचण होत नाही. सभासदांसाठी राखून ठेवलेली चित्रफीत ही जवळजवळ आदर्श क्लब-वस्तू होय, कारण तिथे गर्दी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोनशेवा सभासद आला म्हणून पहिल्याचे काही कमी होत नाही.

चेन्नईला ही रचना नवी नाही. मार्गळी महिन्यातील संगीतोत्सव भरविणाऱ्या तेथील 'सभा' पिढ्यान्‌पिढ्या सभासदांच्या वर्गणीवर, तिकिटांवर आणि प्रायोजकांवर चालत आल्या आहेत. अड्यारच्या इंदिरानगर भागातील 'हंसध्वनी' ही त्यांपैकीच एक. अनेक सभांमध्ये दुपारच्या, तुलनेने नवख्या कलावंतांच्या मैफली विनामूल्य असतात आणि सायंकाळच्या, नामवंतांच्या मैफलींना तिकीट असते. विनामूल्य मैफलीतून रसिक घडतो, तिकिटाच्या मैफलीतून खर्च निघतो. महासाथीमुळे 2020 च्या डिसेंबरात सभागृहे बंद राहिली, तेव्हा शहरातील अनेक सभांनी एकत्र येऊन तिकीट लावून ऑनलाइन मैफली केल्या. त्या वेळी सभासदाची खुर्ची नाहीशी झाली, तरी त्याची बांधिलकी टिकून राहिल्याचे दिसले.

सर्वच आशय कुलूपबंद करणारा ऑनलाइन निर्माता सभांचा हा धडा विसरतो. मग नवा रसिक त्याच्यापर्यंत पोहोचणार कोठून? उलट सर्वच खुले ठेवले, तर 'फुकट्या'चा प्रश्न उभा राहतो : लाभ सर्वांना, भार मोजक्यांवर. अनेक निर्माते मूळ आशय खुला ठेवतात आणि सराव, शंकानिरसन, अपूर्ण कामाचे दर्शन यांसाठी वर्गणी घेतात. हा मार्ग व्यवहार्य दिसतो, कारण वर्गणी देणारा बहुधा माहितीसाठी नव्हे, तर सहवासासाठी पैसे देत असतो.

गळतीचे गणित

अमेरिकी लेखक केविन केली यांनी 2008 मध्ये मांडले, की कलावंतास लक्षावधी श्रोते नकोत. एक हजार निष्ठावंत चाहते पुरेसे आहेत. कल्पना आकर्षक आहे. तथापि ती चाहत्यांना स्थिर संख्या मानते, आणि व्यवहारात संख्या स्थिर नसते.

अड्यारमध्ये वीणा शिकविणाऱ्या एका काल्पनिक शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. तिची मासिक वर्गणी 18 टक्के वस्तू व सेवा करासह ₹118 आहे. कर वजा जाता ₹100 उरतात आणि 70 टक्के वाट्याने तिच्या हाती ₹70 येतात. 200 सभासद असतील, तर महिन्याचे उत्पन्न ₹14,000 होते. आता दरमहा 5 टक्के सभासद गळतात असे मानू. म्हणजे महिन्याला 10 जण जातात. तेवढे नवे आले तरच संख्या 200 वर टिकते. गळती 10 टक्क्यांवर गेली आणि नवे सभासद 10 च राहिले, तर संख्या घसरत घसरत 100 वर स्थिरावते. कारण स्थिर संख्या म्हणजे दरमहा येणारे नवे सभासद भागिले गळतीचा दर. पहिल्या स्थितीत एक सभासद सरासरी 20 महिने राहून ₹1,400 देतो. दुसऱ्या स्थितीत 10 महिने राहून ₹700.

शिकवण्याचा दर्जा तोच, परिश्रम तेवढेच. तरीही उत्पन्न निम्मे. नवे चाहते मिळविण्याइतकेच असलेले टिकविणे महत्त्वाचे का, हे यावरून स्पष्ट होते. या उत्पन्नाला एक मानवी बाजूही आहे. वर्गणी दरमहा येते, म्हणून आशयही दरमहा द्यावा लागतो. आजारपणाचा महिना किंवा मुलांच्या परीक्षांचा महिना गळतीच्या आकड्यात लगेच उमटतो. ज्याला आपण स्वतंत्र व्यवसाय म्हणतो, त्यात रजेची तरतूद कोणीच केलेली नसते.

गळतीचे सर्वच कारण नाराजी नसते. कार्डाची मुदत संपणे, खात्यात शिल्लक नसणे, अशा कारणांनीही सभासदत्व तुटते. भारतात याचा ठळक अनुभव ऑक्टोबर 2021 मध्ये आला. आपोआप होणाऱ्या वजावटीसाठी ग्राहकाची स्वतंत्र नोंदणीकृत संमती आणि वजावटीच्या किमान 24 तास आधी सूचना आवश्यक करणारी रिझर्व्ह बँकेची चौकट तेव्हापासून पूर्णपणे लागू झाली. नव्या नोंदणीशिवाय चालू असलेल्या वजावटी थांबल्या आणि परदेशी व्यासपीठांवरील अनेक छोट्या वर्गण्या अडल्या. ग्राहकाच्या संमतीवाचून पैसे जाऊ नयेत हा हेतू रास्तच होता. संक्रमणाचा खर्च मात्र लहान निर्मात्यांनीही सोसला. अतिरिक्त पडताळणीविना होणाऱ्या अशा वजावटीची मर्यादा जून 2022 मध्ये ₹5,000 वरून ₹15,000 करण्यात आली. जुलै 2020 मध्ये आलेल्या 'यूपीआय ऑटोपे'मुळे तर क्रेडिट कार्ड नसलेल्यालाही नियमित वर्गणी देता येऊ लागली. भारतीय भाषांतील निर्मात्यांच्या दृष्टीने हा बदल निर्णायक मानावा लागेल.

कराचा मुद्दा बहुतेक निर्माते उशिरा लक्षात घेतात. हे उत्पन्न देणगी नव्हे. त्यावर आयकर लागू होतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक ₹20 लाख उलाढालीची आहे, त्यामुळे वरील उदाहरणातील शिक्षिका तिच्या बरीच आत राहते. अमेरिकेतील प्रेक्षकांकडून यूट्यूबद्वारे होणाऱ्या कमाईवर मात्र 2021 पासून तेथील कर कापला जातो. आवश्यक अर्ज भरणाऱ्या भारतीय निर्मात्यास दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार 15 टक्के दर लागतो. परदेशस्थ तमिळ व मराठी कुटुंबे ज्यांच्या सभासदांत मोठ्या संख्येने आहेत, त्यांनी हा अर्ज भरला नाही तर कपात त्याहून अधिक होते.

शासनानेही या क्षेत्राची दखल घेतली आहे. मार्च 2024 मध्ये पहिले राष्ट्रीय निर्माते पुरस्कार देण्यात आले. 2025 मध्ये मुंबईत सर्जनशील तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. पुरस्कार आणि प्रशिक्षण यांचे मोल आहेच, परंतु अड्यारच्या किंवा अकोल्याच्या छोट्या निर्मात्याची अडचण वेगळी आहे. त्याला शेकडो सभासदांकडून दरमहा थोडे थोडे पैसे न तुटता यावे लागतात, आणि त्यातील किती वाटा मध्यस्थ व्यासपीठाने ठेवावा हे ठरविण्याची शक्ती त्याच्याकडे नाही. 30 टक्क्यांचा दर उद्या 35 झाला, तर आपले सभासद दुसरीकडे नेणेही त्याला सोपे नसते, कारण त्यांच्या नावांची यादी बहुधा व्यासपीठाकडे असते. 'थिऑसॉफिस्ट'च्या संपादकांकडे निदान वर्गणीदारांचे पत्ते होते.