ताटाला रक्तगट असतो का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी वाचत बसलो होतो, तोच शेजारची सातवीतली मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात स्टीलचा डबा.

"काका, हे शेंगदाण्याचे लाडू घ्या. आमच्याकडे आता कोणी खायचे नाहीत."

"का गं? उपास आहे की काय?"

"उपास नाही हो. माझा रक्तगट बी आहे ना!"

हळूहळू सगळा उलगडा झाला. शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहायचा म्हणून मुलांची रक्ततपासणी झाली होती. मुलगी आणि तिचे बाबा निघाले बी गटाचे, आई आणि चौथीतला भाऊ ओ गटाचे. त्याच सुमारास बाबांच्या मोबाइलवर कोणीतरी एक तक्ता पाठवला: कोणत्या रक्तगटाने काय खावे आणि काय वर्ज्य करावे. तो तक्ता आता स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेला होता. बी गटाला मसूर, काबुली हरभरे, शेंगदाणे, तीळ, टोमॅटो, गहू बंद. ओ गटाला गहू बंद, दूध-दही बंद, मांस मात्र भरपूर. आता हे घर पिढ्यानपिढ्या शाकाहारी. म्हणजे त्या चौथीतल्या मुलाची पोळी गेली, दूध गेले, आणि त्यांच्या जागी आले काहीच नाही. महिनाभरात त्याची शाळेची चड्डी कमरेला सैल झाली होती.

"पण काका, तक्ता शास्त्रीय आहे," मुलगी ठामपणे म्हणाली. "पुस्तकातला आहे."

पुस्तक आहे हे खरे. पीटर डी'अ‍ॅडॅमो नावाच्या अमेरिकन निसर्गोपचारकाने १९९६ साली ते प्रसिद्ध केले आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. विद्यार्थिमित्रांनो, पुस्तक खपले म्हणून ते खरे ठरत नाही, आणि एखादी गोष्ट विचित्र वाटते म्हणून ती खोटीही ठरत नाही. तेव्हा आपण आधी रक्तगट म्हणजे काय ते पाहू, मग तक्त्याकडे वळू.

१९०१ साली व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने स्वतःचे आणि आपल्या पाच सहकाऱ्यांचे रक्त घेतले. रक्त गोठले की वर जो पिवळसर, पाण्यासारखा भाग उरतो त्याला रक्तरस म्हणतात. प्रत्येकाचा रक्तरस त्याने इतर प्रत्येकाच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहिला. काही जोड्यांत पेशी सुट्या राहिल्या, तर काहींत एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. त्यावरून त्याने माणसांचे तीन गट पाडले. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना सापडला. या शोधाबद्दल लँडस्टायनरला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज एकाचे रक्त दुसऱ्याला बिनधोक देता येते ते या शोधामुळे.

हे पुंजके का होतात? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या बारीक साखळ्या असतात. एका विशिष्ट साखळीला एच म्हणतात. तिच्या टोकाला एका प्रकारची शर्करा जोडली की झाला ए गट, दुसऱ्या प्रकारची जोडली की बी. दोन्ही प्रकारच्या साखळ्या असतील तर एबी. टोकाला काहीच जोडले नाही, नुसती एच राहिली, तर ओ. बस्स, एवढाच फरक! ही टोकाची शर्करा जोडण्याचे काम एक विकर, म्हणजे एन्झाइम करते. ते बनवण्याची कृती आपल्या नवव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. ओ गटाच्या बहुतेक लोकांत त्या कृतीतले एक अक्षर गळालेले असते, त्यामुळे विकर बिघडते, हे १९९० साली उमगले.

आता डी'अ‍ॅडॅमो काय म्हणतो ते ऐका. ओ हा सर्वांत जुना गट, शिकारी माणसांचा, म्हणून ओ गटाने मांस खावे. मग शेती आली आणि ए गट उपजला, म्हणून ए गटाने धान्य-भाजी खावी. बी गट गुराख्यांचा, म्हणून त्यांना दूध मानवते. एबी अगदी अलीकडचा, त्याने दोन्हीकडचे थोडेथोडे घ्यावे. आणि चुकीच्या गटाने चुकीचा पदार्थ खाल्ला तर? तर त्या पदार्थातली लेक्टिन नावाची प्रथिने शरीरात जाऊन पेशींचे पुंजके करतात.

यातला लेक्टिनचा भाग मला सर्वांत गमतीचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. लेक्टिने खरोखरच असतात. १८८८ साली हेर्मान श्टिलमार्क याला एरंडीच्या बियांच्या अर्कात असे प्रथिन आढळले की त्याने रक्तपेशींचे पुंजके होत. पुढे काही बियांची लेक्टिने चक्क रक्तगट ओळखतात असे दिसून आले. लॅटिनमध्ये 'निवडणे' या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरूनच १९५४ साली त्यांना लेक्टिन हे नाव पडले.

आणि असे निवडक लेक्टिन कुठे सापडावे? आपल्या कुळथात! जॉर्ज बर्ड या शास्त्रज्ञाने १९५१ साली 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात ही माहिती छापली. ए गटाचे दोन मुख्य उपगट आहेत, ए-१ आणि ए-२. कुळथाचा अर्क योग्य प्रमाणात पातळ करून घातला की ए-१ च्या पेशींचे पुंजके होतात, ए-२ च्या होत नाहीत. रक्तपेढ्या आजही हा अर्क या कामाला वापरतात. कोकणात ज्याचे पिठले करतात आणि देशावर ज्याला हुलगा म्हणतात, तेच हे कडधान्य. पुढच्या वेळी ताटात आले की जरा आदराने पाहा!

आता माझेच उदाहरण घ्या. माझा गट ए. ए गटाच्या बहुसंख्य लोकांचा उपगट ए-१ असतो. आणि लहानपणी आमच्या घरी पावसाळ्यात आठवड्यातून तीनदा तरी कुळथाचे पिठले असे. डी'अ‍ॅडॅमोचा सिद्धान्त बरोबर असता तर माझ्या रक्ताचे पुंजके कधीच व्हायला हवे होते. झाले नाहीत. का?

कारण काचपट्टी म्हणजे पोट नव्हे. काचपट्टीवर कच्च्या बियांचा अर्क थेट रक्तात पडतो. पिठल्याचे पीठ मात्र आधी रटरट शिजते. उकळत्या पाण्यात डाळी-कडधान्यांतल्या लेक्टिनांची घडण मोडते, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग जसा पुन्हा पातळ होत नाही तसेच हे. जे थोडेफार उरेल त्याला पाचकरसांतून आणि आतड्याच्या भिंतीतून पार व्हावे लागते. शिवाय कुळथासारखे रक्तगट ओळखणारे लेक्टिन हा अपवाद. खाण्यातली बहुतेक लेक्टिने ए-बी-ओ असा भेद करतच नाहीत. गव्हाच्या अंकुरातले लेक्टिन ज्या शर्करेला चिकटते ती चारही गटांच्या पेशींवर असते. मग गहू एकालाच वर्ज्य कसा?

लेक्टिन निरुपद्रवी असते असे मात्र समजू नका. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याचे चार-पाच दाणे खाल्ले तरी दोन-तीन तासांत जोराच्या उलट्या होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजवावा, पाणी टाकून द्यावे आणि निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा. मंद आचेवर नुसता कोमट ठेवला तर धोका वाढतो. ही उलटी रक्तगट विचारून होत नाही. (कृपा करून हा प्रयोग घरी करू नका!)

शिकारी, शेतकरी, गुराखी ही गोष्टही ऐकायला छान आहे, पण इतिहास तिच्या बाजूने नाही. ए आणि बी हे गट शेतीबरोबर किंवा गाईगुरांबरोबर आलेले नाहीत. २०१२ साली माणूस आणि गिबनसारखे वानर यांच्या जनुकांची तुलना झाली. त्यावरून ए आणि बी यांच्यातला फरक किमान दोन कोटी वर्षे जुना असल्याचे दिसले. शेतीला जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली. उलट ओ गट मूळ कृतीतले अक्षर गळाल्याने झाला, म्हणजे तो पहिला असूच शकत नाही. आणि गंमत म्हणजे तपासलेले गोरिला बी गटाचे निघाले. त्यांना कोणी दूध-दही सुचवलेले नाही, ते बिचारे पालाच खातात.

आता तुम्ही विचाराल, या आहाराने बरे वाटले असे सांगणारी माणसे आहेत, ती काय खोटे बोलतात? नाही. त्यांना खरेच बरे वाटले असेल. प्रश्न आहे तो कशाने. समजा, एक ए गटाचा माणूस ए चा तक्ता पाळू लागला, भाज्या वाढवल्या, तळलेले आणि पाकिटातले सोडले, आणि वजन उतरले. श्रेय तक्त्याचे की रक्तगटाचे? हे ठरवायचे तर ए चाच आहार बी आणि ओ गटाच्या लोकांनाही घेताना पाहावे लागेल. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमके तेच केले. १,४५५ जणांचे खाणे, रक्तगट आणि तब्येतीची मोजमापे त्यांनी ताडून पाहिली आणि २०१४ साली निष्कर्ष छापला. ए गटासाठी सांगितलेल्या आहाराच्या जवळपास जे जेवत, त्यांचा कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातला कोलेस्टेरॉल कमी होता. पण हा लाभ ए गटाच्या लोकांना जितका, तितकाच इतरांनाही! रक्तगटाचा काही संबंध दिसला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी बेल्जियममधल्या संशोधकांनी १,४१५ संशोधन-नोंदी चाळल्या होत्या. रक्तगटानुसार जेवल्याने प्रकृतीला फायदा होतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. पुढे अमेरिकेत वजन जास्त असलेल्या ६८ जणांना १६ आठवडे कमी तेलाचा, दूधही वर्ज्य असलेला वनस्पतिजन्य आहार दिला. ए गटाला तो जास्त मानवायला हवा होता आणि ओ गटाला कमी. तसा फरक पडला नाही.

मग रक्तगटाचा प्रकृतीशी संबंधच नाही का? आहे, आणि तो पुरेसा नवलाचा आहे. ए-बी-ओ च्या शर्करा बहुतेकांच्या लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावरही असतात. त्यामुळे काही रोगजंतूंना त्यांचा उपयोग होतो, काहींना अडथळा. ओ गटाच्या माणसाला पटकी झाली तर ती अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. उलट हिवतापाच्या घातक प्रकारात ओ गट थोडा बचाव करतो, कारण रोगट पेशी इतर पेशींना घट्ट चिकटत नाहीत. शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचे प्रमाणही ओ गटात कमी. पण हे सगळे जंतूंचे आणि रक्त गोठण्याचे व्यवहार झाले. यातून पोळी की भाकरी हे ठरत नाही.

काही पदार्थ काहींना जन्मजात मानवत नाहीत हेही खरेच. मोठेपणी दूध पचेल की नाही, हे बरेचसे जनुकावर असते. फक्त ते जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे आणि रक्तगटाचे नवव्यावर. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे म्हणजे शेजाऱ्याच्या कुंडलीवरून आपल्या परीक्षेचा निकाल काढणे.

हे सगळे मी त्या मुलीला एका बैठकीत सांगितले असे समजू नका. तीन-चार संध्याकाळी लागल्या, आणि शेवटी तिचे आईबाबाही येऊन बसले. बाबा जरा नाराज होते. आईने मात्र धाकट्याला डॉक्टरांकडे नेऊन वजन करून घेतले, आणि त्या रात्रीपासून त्याचे दूध-पोळी पुन्हा सुरू झाली.

"मग काका, ओळखपत्रावर रक्तगट लिहायचाच कशाला?" मुलीने विचारले.

प्रश्न रास्त होता. अपघातात वेळ वाचावा म्हणून, असे सगळे सांगतात. पण ओळखपत्र पाहून कोणी रक्त चढवत नाही. दवाखान्यात गट पुन्हा तपासतात आणि देण्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का तेही पाहतात. तसे का करावे लागते, याचे एक कारण आपल्या मुंबईतच सापडले. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की त्यात ए नाही, बी नाही आणि एचसुद्धा नाही. साध्या तपासणीत ते ओ सारखेच दिसते, पण त्या माणसाला ओ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतू शकते. त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते. या गटाला 'बॉम्बे रक्तगट' असेच नाव पडले. भारतात साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा असतो.

"आणि त्यांनी काय खायचं? तक्त्यात तर चारच रकाने आहेत," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिने टेबलावरचा डबा ओढला आणि झाकण उघडले. आत दोनच लाडू उरले होते. बाकीचे मी संपवले होते.