गाडीतला गारवा कोठे गळतो?

श्रोतेहो, वैशाखातल्या भर दुपारी बुलढाण्याहून निघून राजूर घाट उतरावा आणि मोताळ्यावरून मलकापूर गाठावे. वर सुसह्य वाटणारे ऊन खाली येताच चटके देऊ लागते. अशा वेळी मोटारीतला एसी नुसता कोमट वारा फेकू लागला, की आपण म्हणतो, "गॅस संपला, भरून घेऊ." दोन उन्हाळे मीही हेच केले. चैत्रात गॅस भरावा आणि ज्येष्ठ लागण्याआधी पुन्हा घामाघूम व्हावे! पैसे गेले ते गेलेच. पण त्या उन्हात वृद्ध आईला दवाखान्यात न्यायचे म्हणजे जिवावर येई. तिसऱ्या वर्षी एका जुन्या मिस्त्रीने मलाच विचारले, "सर, संपला म्हणता, पण गेला कुठं?"

प्रश्न साधा, पण विचार करण्याजोगा आहे. घरातला माठ पाहा. पाणी पाझरून बाहेर येते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते उष्णता ओढून घेते. म्हणून आतले पाणी गार होते. वाफ मात्र हवेत निघून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. गाडीतही नियम हाच. फरक एवढाच, की येथे वाफ बाहेर जाऊ देत नाहीत. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये द्रवाची वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबतो आणि पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर तिला निववून पुन्हा द्रव करतो. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो पेट्रोलासारखा जळत नाही. रबरी नळ्यांतून वर्षाकाठी थोडा झिरपतो खरा; पण एका उन्हाळ्यात गॅस कमी पडला, तर कोठेतरी गळती आहे असेच समजावे.

मात्र गारवा नाही म्हणजे गॅसच नाही, असेही नव्हे. कधी पंखा बंद असतो, कधी कंडेन्सरवर धूळ-कचरा बसलेला असतो. म्हणून आधी मीटर लावून दाब पाहावा. आणि गाडीखाली पाणी ठिबकताना दिसले तर घाबरू नका. हवेतला ओलावा थंड कॉइलवर जमून नळीवाटे बाहेर पडतो, एवढेच.

आता गळती शोधायची कशी? गॅस डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरचे तेल फिरत असते. जेथून गॅस निसटतो तेथे बहुधा तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग, गॅस भरण्याचे वॉल्व आणि खडे लागून ठेचलेला कंडेन्सर, ही जागा आधी पाहावी. मग पंक्चरवाल्याची युक्ती: संशयाच्या जागी साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले की चोर सापडला. गळती बारीक असेल तर मिस्त्री तेलात चमकणारा रंग घालतो आणि जांभळ्या प्रकाशाच्या बॅटरीने पाहतो, किंवा गॅस हुंगणारे यंत्र फिरवतो. आतल्या कॉइलची गळती पाणी जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी त्या यंत्राने कळते. यंत्रणा रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन भरून तपासतात. ऑक्सिजन कधीही भरू देऊ नका. दाबाखाली तेलाशी गाठ पडली की स्फोट होऊ शकतो.

दुरुस्ती पुष्कळदा स्वस्त असते. माझ्या गाडीत एका सांध्यातली रबराची ओ-रिंग कडक होऊन चिरली होती, बस्स! ओ-रिंग एसीसाठीचीच घ्यावी आणि तेल लावून बसवावी. कंडेन्सर फुटला असेल तर बहुधा बदलणेच बरे. नंतर पंपाने आतली हवा आणि ओलावा अर्धा तास तरी ओढून काढावा, पंप बंद करून काटा स्थिर राहतो का पाहावे, आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. लहान गाडीत तो साधारण अर्धा किलो असतो. ही कामे मिस्त्रीचीच. निसटता द्रव गॅस कातडीला लागला तर ती गोठते, म्हणून घरी नट सैल करू नये.

हा प्रश्न आपल्या खिशापुरता नाही. पूर्वी गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असे. तो आकाशातल्या ओझोनच्या थराचा नाश करतो, हे कळल्यावर १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. पण हवा तापवण्यात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० किलोंना भारी पडतो. म्हणजे आपल्या गाडीतून निसटलेला गॅस उन्हाळ्यालाच हातभार लावतो.

गुरुजनहो, हा धडा वर्गात सोपा आहे. एक माठ, सायकलची ट्यूब आणि घमेलेभर पाणी पुरे. आणि गाडीवाल्यांनो, यंदा गॅरेजात गेलात की "गॅस भरा" म्हणण्याआधी एवढेच म्हणा: "आधी गळती दाखवा."