न्यायाचे दार

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशातील न्यायालयांचे नित्याचे कामकाज जवळजवळ थांबले. मग दाटीवाटीने भरलेल्या तुरुंगांतील कैद्यांनी दाद कोठे मागावी? २३ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की कोणत्या कैद्यांना तात्पुरते सोडता येईल, हे ठरविण्यासाठी प्रत्येक राज्याने समिती नेमावी. कैद्याला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. त्यानुसार विधी सेवा प्राधिकरणांच्या वकिलांनी निर्धन कैद्यांचे जामिनाचे अर्ज करून दिले. या सेवेबद्दल समाजाने त्यांचे ऋण मानले पाहिजे. त्याच काळात कित्येक तरुण वकिलांची मिळकत बुडाली. गरजूंना काही वकील परिषदांनी अर्थसाहाय्य दिले. दुसऱ्यासाठी न्यायाचे दार ठोठावणाऱ्याच्या घरची चूलही विझता कामा नये.