अर्जातून दुकान का वगळता?

काही महिन्यांपूर्वी परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांचे चिरंजीव नोकरीचा अर्ज दाखविण्यासाठी माझ्याकडे आले. शिक्षण बी.कॉम., गुण चांगले. एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात कनिष्ठ पदासाठी अर्ज करावयाचा होता. बँकेच्या सेवेत असताना असे असंख्य अर्ज माझ्या नजरेखालून गेले आहेत. हे पत्र नीटनेटके होते. मात्र ‘अनुभव’ या शब्दापुढे ‘निरंक’ असे लिहिले होते.

मी विचारले, “दुकानात बसत नाहीस का?”

“बसतो ना काका, तीन वर्षे झाली. पण ते घरचेच काम.”

“तेथे काय काय करतोस?”

तो सांगू लागला. रोजची बिले, टॅलीमधील नोंदी, दर महिन्याच्या ११ तारखेपूर्वी जीएसटीआर-१ साठी विक्रीची माहिती कर सल्लागारांकडे पोहोचविणे, परराज्यात ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल जाताना ई-वे बिल काढणे, उधारीची यादी आणि वसुलीचे फोन. ज्या पदासाठी अर्ज होता, तेथे यापेक्षा वेगळे काय करावयाचे होते?

थोडा वेळ थांबून तो म्हणाला, “दुकानाचे लिहिले तर त्यांना वाटेल, हा चार महिन्यांत घरी परत जाणार.”

ही शंका निराधार नाही. व्यापारी घरातील उमेदवाराचा अर्ज वाचताना ती आमच्याही मनात येत असे. परंतु वडिलांचा व्यवसाय मुलाखतीत विचारला जातोच. मग लपविलेली गोष्ट उघडी पडते आणि शंका स्थैर्याबरोबर सचोटीचीही घेतली जाते. त्यापेक्षा पत्रातच एक वाक्य लिहावे : ‘दुकान वडील व थोरले बंधू सांभाळतात, मला मोठ्या संस्थेतील लेखापद्धती शिकून याच क्षेत्रात पुढे जावयाचे आहे.’ अर्थात ते खरे असेल तरच. मनात दुकानात परतण्याचा विचार असेल, तर असे वाक्य लिहू नये.

पत्र इंग्रजीत असो वा मराठीत, ते एका पानाहून मोठे नसावे. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि जाहिरातीचा दिनांक द्यावा. पहिल्या परिच्छेदात आपण कोण व कोणत्या पदासाठी अर्ज करीत आहोत, हे दोन वाक्यांत सांगावे. दुसरा परिच्छेद पत्राचा प्राण होय. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. त्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘तीन वर्षे दररोज सुमारे ४० बिलांच्या नोंदी करतो, सुमारे ६० ग्राहकांच्या उधारीचा हिशेब माझ्याकडे आहे’ असे लिहावे. आकडा स्वतःच्या वहीतून घ्यावा, फुगवू नये. मुलाखतीत त्यावरच पहिला प्रश्न येतो. शेवटच्या परिच्छेदात मुलाखतीची विनंती, दूरध्वनी क्रमांक आणि रुजू होण्यास लागणारा अवधी नमूद करावा.

अनुभवाचा दाखला वडिलांनीच दिला, तर त्याचे वजन कमी पडते. म्हणून कर सल्लागार किंवा एखादे घाऊक व्यापारी यांची पूर्वपरवानगी घेऊन संदर्भासाठी त्यांचे नाव द्यावे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अनेक घरांत दुकानाचे हिशेब मुली आणि सुना पाहतात. त्यांच्या अर्जात तर या कामाचा उल्लेख क्वचितच आढळतो. पगार मिळाला नाही म्हणून ते काम झालेच नाही, असे कसे म्हणता येईल?

त्या मुलाने पत्र पुन्हा लिहिले. आठवड्याने त्याच्या वडिलांचा फोन आला. मुलाखतीचे बोलावणे आल्याचे त्यांनी सांगितले, मग म्हणाले, “साहेब, आधीचा अर्ज मी गल्ल्याजवळ पडलेला पाहिला होता. ‘निरंक’ वाचले आणि काहीच बोललो नाही. या वेळी त्याने स्वतःच वाचून दाखविला.”

नोकरी मिळेल किंवा न मिळेल. मुलाच्या अर्जावर आता दुकानाचे नाव आहे, एवढे मात्र त्या वडिलांनी मला दोनदा सांगितले.