कवटीपार प्रत्यावर्ती विद्युत उद्दीपन

कवटीपार प्रत्यावर्ती विद्युत उद्दीपन (संक्षेप: टीएसीएस) ही शस्त्रक्रिया न करता, डोक्याच्या त्वचेवर लावलेल्या विद्युत अग्रांमधून मेंदूला दुर्बल प्रत्यावर्ती विद्युतधारा देण्याची पद्धत आहे. धारेची तीव्रता सहसा १ ते २ मिलिॲम्पिअर असते. तिची वारंवारता अभ्यासायच्या मेंदूलहरीशी जुळवून निवडली जाते. इतक्या क्षीण धारेने मेंदूची लय बदलते का, हा चेताविज्ञानातील वादाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत लहरींची प्रथम नोंद केली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटल्यावर ठळक होणाऱ्या ८ ते १२ हर्ट्झच्या लहरींना अल्फा लहरी म्हणतात. मेंदूलहरींचा झोप, अवधान व स्मृती यांच्याशी संबंध आढळतो. मात्र लहरी या क्रियांचे कारण आहेत की केवळ परिणाम, हे निरीक्षणातून ठरत नाही. त्यासाठी लय बाहेरून बदलून पाहावी लागते.

कार्यतत्त्व

या पद्धतीने मेंदूत निर्माण होणारे विद्युत क्षेत्र सामान्यतः प्रतिमीटर १ व्होल्टपेक्षा कमी असते. त्यामुळे चेतापेशीच्या विभवात १ मिलिव्होल्टहूनही कमी फरक पडतो. शांत पेशीला उद्दीपित करण्यास तो अपुरा असतो; परंतु उद्दीपनाच्या उंबरठ्यावर असलेल्या पेशीच्या स्पंदाची वेळ त्यामुळे किंचित पुढेमागे होऊ शकते. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या हलक्या धक्क्यांप्रमाणे हे परिणाम पेशींच्या जाळ्यात साचत जातात, असे मानले जाते.

पुरावे आणि आक्षेप

फेरेट या प्राण्याच्या मेंदूच्या कापांवरील २०१० मधील प्रयोगात क्षीण विद्युत क्षेत्राने जाळ्याची लय बदलल्याचे दिसले. २०१९ मध्ये जागृत माकडांच्या मेंदूतील चेतापेशींच्या स्पंदांची वेळ या धारेशी जुळू लागल्याचे नोंदवले गेले.

याउलट, २०१८ मध्ये मृतदेहांवरील मापनात सुमारे ७५ टक्के धारा त्वचा, ऊती व कवटीतच क्षीण होत असल्याचे आढळले. २०१९ मधील दुसऱ्या अभ्यासात त्वचा बधिर केल्यावर परिणाम घटला. म्हणजे लय बदलण्यात त्वचेतील चेतांचा वाटा असू शकतो. मात्र २०२० मध्ये माकडांची त्वचा बधिर केल्यावरही मेंदूतील परिणाम टिकून राहिला. २०२२ मधील प्रयोगांनुसार मेंदूची मूळ लय प्रबळ असल्यास बाहेरील धारा पेशींचा तिच्याशी असलेला मेळ कमीही करू शकते.

मर्यादा

उद्दीपन चालू असताना धारेचा संकेत मेंदूलहरींपेक्षा कितीतरी मोठा असल्याने प्रत्यक्ष नोंद अवघड होते. दृष्टिपटल उद्दीपित झाल्याने डोळ्यांपुढे प्रकाशाची लुकलुक दिसते आणि प्रयोगाच्या निष्कर्षात गोंधळ संभवतो. उपचार म्हणून ही पद्धत अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे.