सा ते रे आणि रे ते ग : दोन पावले, दोन मापे

पेणला गणपतीच्या दिवसांत किंवा रोह्याकडच्या एखाद्या गावी हरिनाम सप्ताहात भजनाला बसलात, तर बुवांपुढे पेटी असतेच. एक बुवा काळी चारमध्ये गातात, त्यांच्यानंतरचे पांढरी दोनमध्ये. पेटी तीच. कुणाचाही सा ती आपला मानते. या सोयीसाठी मात्र तिने एक किंमत मोजली आहे. शुद्ध गंधारावर ती सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

सरगम शिकवताना सांगतात, की सा ते रे एक पूर्ण स्वर, रे ते ग दुसरा पूर्ण स्वर. पेटीवर ही दोन्ही अंतरे अगदी सारखी असतात. निसर्गाचे माप वेगळे आहे. ९० सेंटिमीटर लांबीची ताणलेली तार घ्या. मोकळी छेडली की सा. तिचा ८० सेंटिमीटरचा भाग वाजू दिला की रे, आणि ७२ सेंटिमीटरचा वाजू दिला की ग. पहिल्या पावलात तारेचा नववा हिस्सा कमी झाला, दुसऱ्या पावलात उरलेल्या तारेचा दहावा. म्हणजे दुसरे पाऊल थोडे लहान आहे.

हेच कंपनांच्या भाषेत पाहू. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर रे २७० आणि ग ३००. पहिले गुणोत्तर ९ : ८, दुसरे १० : ९. दोन्ही मिळून सा आणि ग यांचे नाते ४ : ५ असे सरळ होते. ते सरळ असल्याचा पुरावा कान देतो. प्रत्येक सुरात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर दडलेले असतात. साची पाचपट १२००, गची चौपटही १२००. दोन्ही एकमेकांत मिसळतात. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप उमटतो, तो हाच. पेटीचा गंधार मात्र सुमारे ३०२.४ कंपनांचा, म्हणजे किंचित चढा. त्याची चौपट १२०९ च्या पुढे जाते. म्हणून सा आणि ग एकत्र दाबले, की सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज थरथरतो.

मग सूर घासून पेटी नैसर्गिक मापाची का करू नये? करता येते, पण एकाच बुवांसाठी. समजा पहिल्या बुवांच्या सापासून पेटी अशी लावली. त्यांचा धैवत ४०० कंपनांचा झाला. आता दुसऱ्या बुवांनी पहिल्यांचा रे, म्हणजे २७०, हा आपला सा धरला. त्यांना पंचम हवा ४०५ चा, आणि त्या पट्टीवर आहेत ४००. पंचमच बेसूर झाला, तर भजन उभे कसे राहणार? समान अंतराच्या पेटीत सुरांची चूक सर्व पट्ट्यांवर थोडी थोडी वाटून दिलेली असते. गंधार आणि धैवत चढे राहतात, पण पंचम कुठूनही जवळजवळ बिनचूक मिळतो. पाळीपाळीने बसणाऱ्या भजनी मंडळींसाठी ही तडजोड शहाणपणाची आहे.

लहान-मोठ्या अंतरांची जाण आपल्याकडे जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांतरे चार, तीन आणि दोन श्रुतींची सांगितली आहेत. तिथे अपूर्णांक नाहीत, प्रमाण आहे ते कानाचे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहून त्यांना गुणोत्तरे दिली. जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ त्यांच्या या खटाटोपात होते, आणि त्यातून श्रुतींची पेटीही तयार झाली. देवलांची गुणोत्तरे सर्वांनी मानली असे नाही, पण प्रश्न त्यांनी नेमका मांडला. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली. तिला मींड घेता येत नाही आणि तिचे सूर आपले नाहीत, असे आक्षेप होते. सत्तरच्या दशकात ही बंदी सैल झाली आणि साथीला पेटी परत आली.

भजनातून पेटी काढा, असे कुणी म्हणणार नाही. जपायचे आहे ते शिकणाऱ्या मुलांच्या कानाला. पेटीचा गंधार रोज ऐकून मूल तोच खरा मानू लागते, आणि मग तंबोऱ्यातला गंधार ओळखण्याची सवयच लागत नाही. म्हणून रियाजाला आधी तंबोरा लावावा. इलेक्ट्रॉनिक असला तरी चालेल. सा धरून सावकाश रे, मग ग घ्यावा. आवाजाची थरथर थांबून तो तंबोऱ्यात विरघळला, की दुसरे पाऊल बरोबर पडले. पेटी त्यानंतर उघडावी, आणि लांब ठेवायच्या गंधारावर तिची पट्टी सोडून द्यावी. बोलणे मोडून पट्टी बदलण्याची गरज गळ्याला नसते. तो दोन्ही मापांची पावले टाकू शकतो.